पौषातली स्पर्धा आणि माझी तिसरी मागणी

साताऱ्याच्या स्टँडवरून निघालो तेव्हा पिशवीत पत्रकांचे गठ्ठे होते आणि डोक्यात संताप. कसोटी सामना पाचाऐवजी चार दिवसांचा करायची भाषा चालली आहे. कसोटी खेळणाऱ्या देशांचे वरचे आणि खालचे असे दोन गट करा, असंही म्हणतात. म्हणजे बलाढ्यांनी आपापसांत खेळायचं, बाकीच्यांनी दाराबाहेर उभं राहायचं! मालिका घाईघाईत उरकायच्या, कारण पुढच्या आठवड्यात कुठली तरी लीग. हे ठरवताना विचारलं कोणाला? म्हणून आम्ही पाच जणांनी पत्रक काढलं. चार मागण्या, खाली सह्यांना जागा. वाटेत सह्या मी घ्यायच्या, बाकीच्यांनी थेट सांगलीला यायचं आणि तिथल्या क्रिकेटप्रेमींच्या सभेत पत्रक मी वाचायचं, असं ठरलं. तिसरी मागणी माझ्या हातची होती आणि मला तिचा फार अभिमान होता: ‘परंपरेने ठरलेले वेळापत्रक कोणाच्याही सोयीसाठी बदलू नये.’

कोरेगावला गाडी थांबली तेवढ्यात चहाच्या टपरीवर पत्रकं वाटली. एका पागोटेवाल्या बाबांनी विचारलं, “पाच दिस खेळत्यात? आन् निकाल?”

“कधी कधी लागत नाही.”

“मग त्यापरास कोर्टात जाऊन बसावं की!” टपरी हसली. बाबांनी सही मात्र केली.

औंधला उतरलो. यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या चढताना दम लागला, पण वर बसवेना. देवीला हात जोडले आणि कठड्याशी जाऊन उभा राहिलो. खाली सगळा माळ तांबूस, मध्ये गुडघाभर ज्वारीच्या हिरव्या पट्ट्या. फुलं विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, पलीकडच्या वाडीवर आज क्रिकेटची बैठक आहे. मी निम्म्या पायऱ्या पळतच उतरलो आणि कांद्याच्या टेंपोत बसून वाडीकडे निघालो. टेंपो फाट्यावरच बंद पडला. उरलेलं अंतर चालत, पिशवी खांद्यावर.

वाडीची स्पर्धा दरवर्षी पौषात, जत्रेला होते. बैठक चालली होती नियमांची. चेंडू ज्वारीत गेला तर दोनच धावा. विहिरीत गेला तर फलंदाज बाद, आणि चेंडूही त्यानंच काढायचा. यंदा एका कडेला हरभरा पेरलाय, तर तिथं चौकार धरायचा का, यावर अर्धा तास भांडण झालं. मी सुखावलो. इथं नियम बदलतात ते पिकाप्रमाणे, आणि ज्यांना खेळायचं ते समोर बसून बदलतात! हरभऱ्याचा निकाल लागायची वाटही न बघता मी पत्रकं वाटून टाकली.

मग बिरा उठला. पंचविशीतला धनगर, उंच, हात कोपरापासून लांबसडक. लांडग्यावर दगड फेकून फेकून त्याचा हात तयार झालाय आणि तालुक्यात असा वेगवान गोलंदाज नाही, असं माझ्या शेजारचा कुजबुजला.

“आवं तात्या,” बिरा म्हणाला, “मेंढरं उद्या हालणार. दिवाळी झाली की आमी कोकणात, ते मिरगाच्या तोंडाला माघारी. गावाकडनं येक सामना खेळलो न्हाई आजवर. पुढल्या सालापास्नं स्पर्धा दिवाळीत घ्या की. आमची धा पोरं हायत अशी.”

तात्या म्हणजे समितीचे अध्यक्ष. त्यांनी चष्मा चढवला, माझं पत्रक उचललं आणि तिसरी मागणी मोठ्यानं वाचली. “ऐक बिरा. साताऱ्याचा शिकल्याला मानूस छापून सांगतोय. कुनाच्या सोयीसाठी बदलू नये.”

“तात्या, ते मोठ्या देशांसाठी लिहिलंय. लीगवाल्यांसाठी.”

“म्हंजी मोठ्यांना येक न्याव आन् आमाला दुसरा?”

“नाही, तसं नव्हे. ते वाक्यच चुकलंय.”

“चुकलंय तर छापलं कशाला, पावनं?”

बैठक खो खो हसली. तात्यांनी पत्रकाची घडी करून खिशात घातली. “पुढल्या सालाच्या तारखा पौषातच ठरत्यात, शेवटचा सामना झाल्यावर. तवा येऊन मांड.” पुन्हा हशा. पौषात बिरा कुठे असतो ते सगळ्यांना माहीत होतं.

रात्री वाडीवरच राहिलो. सकाळी कळप निघाला. मी फाट्यापर्यंत बरोबर चाललो, माफी कशी मागावी ते सुचेना. घोड्यावर वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) लादलेली, बिराची आई पुढे. फाट्यावर बिरानंच विचारलं, “पाच दिसांच्या खेळात पाऊस आला तर रं?”

“थांबतात.”

“थांबत्यात व्हय.” एवढं बोलून त्यानं मेंढरांना हाळी दिली. मग वळून म्हणाला, “चार दिसांनी उंब्रजला हाय आमी.”

विटा, तासगाव करत सांगलीत शिरलो. बाजारात हळदीचा वास, हातात भडंगाचा पुडा, तसाच न उघडलेला. सभेआधी सोबत्यांना सांगितलं, तिसरी मागणी काढा. ते म्हणाले, छापून झालंय, आता ऐनवेळी बदल नको. अगदी तात्यांचाच सूर! सभेत मी तीनच मागण्या वाचल्या. खाली उतरल्यावर जे भांडण झालं ते इथे लिहीत नाही. दोन दिवस तिथेच धुमसत काढले आणि साताऱ्याची गाडी धरली.

उंब्रजला उतरलो. हमरस्त्यापासून आत एका शेतकऱ्यानं रानात मेंढरं बसवली होती, खतासाठी. पलीकडे कापलेल्या रानात धनगरांच्या पोरांचा खेळ रंगला होता. बिरानं मला बघितलं आणि बॅट पुढे केली. “घे. पत्रकवाला खेळतोय का बघू तरी.” पहिला चेंडू मला दिसलाच नाही. मागे दगडांवर उभं केलेलं पत्र्याचं डबडं उडाल्याचा आवाज तेवढा आला. पोरं नाचली. बिरा हसला नाही.

त्याच्या आईनं मेंढीच्या दुधाचा चहा दिला. मी कागद काढला. “बिरा, मी नवं पत्रक लिहितो. तुझं नाव घालून, तुम्हा सगळ्यांचं म्हणणं मांडून.”

“लिहू नगंस.”

“का?”

“तुजं लिवल्यालं तात्या आमालाच वाचून दावतोय.” त्यानं उरलेला चहा ओतून टाकला. “पौषात बैठकीला आमच्यातला कुनी नसणार. तू जा. हुबा ऱ्हा आन् तोंडानं बोल.”

“हसतील मला.”

“मला हासलं की. मेलो का मी?”

साताऱ्याच्या गाडीत जागा होती, तरी मी उभाच होतो. आजवर मी ओरडत होतो की बदलू नका. तारीख ठरवताना बैठकीत कोण नाही, हे मी कधी विचारलंच नव्हतं, ना जगाच्या क्रिकेटबद्दल, ना त्या वाडीवर. घरी आल्यावर पिशवी कोपऱ्यात टाकली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात पौष शोधला. बैठकीला जायचंच, म्हणून त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला. पत्रक हातात नसताना मी चारचौघांत कधी बोललेलो नाही.