साक्षीदाराचा हात

जनकाबाईला भीड म्हणून ठाऊक नव्हती. चिखलीजवळच्या आमच्या खेड्यात ख्रिस्ती घरं जेमतेम पंधरा. मिशनच्या शाळेत ती चौथीपर्यंत शिकलेली, शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून वाचून तिच्या पुस्तकाची शिवण उसवलेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची बिनखमिराची पोळी तिच्याच तव्यावर व्हायची. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून त्या पोळीचे तुकडे मोडून ताटातून सगळ्यांपुढे फिरवायचे, अशी आमची रीत.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून झालेल्या भांडणात तिचा एकुलता एक मुलगा इंद्रभान गेला. चुलतभावानं, जानरावानं, कुऱ्हाडीनं मारला. पाहणारी एकटी जनकाबाई. जानरावाची आई चांगुणा म्हणजे तिची धाकटी जाऊ. ती दारात येऊन रडली, "बाई, पाह्यलं नाही म्हना."

"पाह्यलं ते पाह्यलं," जनकाबाई म्हणाली आणि कोर्टात तेच सांगून आली. जानरावाला फाशी झाली. नागपूरच्या हायकोर्टानंही ती कायम केली.

गावाला वाटलं, बाई आता निवली. दुसऱ्याच दिवशी ती माझ्याकडे आली. मी शाळामास्तर, शिवाय आमच्या चर्चच्या मंडळीचा एक पंच.

"मास्तर, दयेचा अर्ज लिहा राज्यपालाले. सही माही."

अर्ज लिहिला. पण चर्चच्या पाळकांच्या कानावर ही गोष्ट मीच घातली, खोटं कशाला सांगू. रविवारी उपासना संपल्यावर अर्जुनराव पाळकांनी तिला सगळ्यांदेखत उभं केलं.

"माणसाचं रक्त सांडणाऱ्याचं रक्त माणसानंच सांडावं, असं देवानं नोहाला सांगितलं. शास्त्रापेक्षा तुम्ही शहाण्या का?"

"हाव, सांगतलं. पन पयला खून काइनानं केला, सख्ख्या भावाचा. त्याले देवानं मारलं का? उलट त्याच्यावर निशानी केली, कोनी मारू नये म्हनून."

"आणि मोशेचं नियमशास्त्र? जिवाबद्दल जीव!"

"त्यातच पुढं वाचा ना. एका साक्षीवर कोनाचा जीव घेऊ नये. अन् मारायले पयला हात साक्षीदाराचा पडावा. साक्षीदार मी एकटीच. चाला नागपूरच्या जेलात, द्या दोर माह्या हाती. मी नाही वढत."

अर्जुनराव लालबुंद झाले. "सरकारच्या हाती तलवार देवानंच दिली, असं पौल लिहितो."

"म्हनून तं सरकारलेच अर्ज करून राह्यली. अन् आपला प्रभू कोनाच्या हुकमानं मेला, पाळकसाहेब?"

शेवटी मीच विचारलं, "म्हणजे जानरावाला माफ केलं?"

"कोनं? समोर आला तं थुंकीन! माहं पोरगं त्यानं मातीत घातलं. पन माह्या साक्षीवर त्याले मारू नका."

पंचांनी ठराव केला: खुन्याची बाजू घेणाऱ्या बाईला प्रभुभोजन नाही. मीही हात वर केला. मात्र पोळी करायला दुसरं कोणी पुढे येईना. पाच महिने जनकाबाई पोळी आणायची, मेजावर ठेवायची आणि दाराशी जाऊन बसायची. आम्ही ती खुशाल खायचो. लाज कशाशी खातात ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

सहाव्या महिन्यात राज्यपालांकडून कागद आला. फाशी रद्द, जन्मठेप. चांगुणा धावत येऊन तिच्या पाया पडली, तर जनकाबाईनं पाय मागं घेतले.

"पाया काऊन पडतं? माहा इंद्रभान आला का वापस?"

मग दोघी जावा उंबऱ्यावर बसून खूप वेळ रडल्या.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी जनकाबाई चांगुणाचा हात धरून आली आणि दाराशी न थांबता पहिल्या रांगेत बसली. ताट माझ्या हातात होतं. तिला वगळून पुढे जा, असं पाळकांनी डोळ्यांनी मला खुणावलं. तेवढ्यात तिनं ताटाची कड धरली. माझ्याकडे रोखून पाहत एक तुकडा उचलला आणि त्यातला अर्धा जावेच्या तळहातावर ठेवला. चांगुणा भेदरून माझ्याकडे बघायला लागली.

"त्याच्याकडं काय पाह्यतं? खा," जनकाबाई म्हणाली. "माह्या तव्यावरची हाय."