तहानेचे शब्द

नर्सिंगच्या वर्गात तिला सगळ्याजणी काकू म्हणत. बाकीच्या मुली नुकत्याच बारावी होऊन आलेल्या, आणि हिची स्वतःची लेक बारावीला. या वयात तिला शिकायला पाठवलं ते थोरल्या जावेनं. घर मी बघते, तू पुस्तकं बघ, एवढं म्हणून तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. काकू दुसऱ्या वर्षाला गेली आणि थोरलीच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि दिवसाला अगदी मोजकं पाणी.

थोरली सोसणारी बाई. कधी चकार शब्द काढला नाही. पण एका सकाळी काकू डबा भरायला आली, तर ती ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून ओला रुमाल चोखत होती. चाहूल लागताच तिनं तो मुठीत लपवला. काकूनं पाहिलंच नाही असं दाखवलं खरं, पण कॉलेजात पोचेपर्यंत तिला भरून येत होतं.

त्याच आठवड्यात शिकवणाऱ्या बाईंनी काम दिलं. रुग्णाबद्दलचा एक प्रश्न निवडायचा आणि वैद्यकीय संशोधनाच्या डेटाबेसमध्ये त्याचं उत्तर शोधायचं. काकूला प्रश्न शोधावा लागला नाही. ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरसमोर बसून तिनं इंग्रजीत अख्खं वाक्य लिहिलं, की डायलिसिसच्या रुग्णाची तहान पाणी न देता कशी भागवावी. हाती काहीच लागलं नाही. मग नुसतं 'डायलिसिस' लिहिलं, तर ढीगभर लेख अंगावर आले. ती डोकं धरून बसलेली पाहून बाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या. याला गोष्ट सांगत बसू नका, त्या म्हणाल्या, प्रश्नाचे तुकडे पाडा. रुग्ण कोण, आपण करणार काय, आणि त्यानं फरक कशात पडायला हवा. हे तुकडे 'अँड'नं जोडायचे, म्हणजे ते सगळे असलेलेच लेख येतात. एकाच तुकड्याला चार नावं असतील, तर ती कंसात घालून मध्ये 'ऑर' लिहायचं, म्हणजे त्यातलं कुठलंही एक चालतं. एखादा चांगला लेख सापडला, की त्याला कुठले विषयशब्द लावलेत ते बघायचं आणि त्यांनीच पुन्हा शोधायचं.

"तहानेला आणखी काय काय म्हणतात, ते आधी ठरवून या," बाई म्हणाल्या.

घरी थोरली भाजी निवडत होती. काकू तिच्याजवळ बसली.

"ताई, पाणी प्यावंसं वाटतं, तेव्हा नेमकं काय होतं तुम्हाला?"

थोरलीचा हात थांबला. "पोट नाही गं मागत पाणी, तोंड मागतं. जीभ टाळ्याला चिकटते. बोलताना शब्द अडकतो, म्हणून हल्ली गप्प असते मी."

घरातल्यांना वाटत होतं, आजारानं ती अबोल झाली. कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकूनं तहानेच्या जोडीला कोरडं तोंड आणि लाळ हे शब्द कंसात घातले आणि तो कंस डायलिसिसला 'अँड'नं जोडला. ढीग एकदम आटोक्यात आला. मथळे वाचून निम्मे लेख गाळले, उरलेले डिक्शनरी उघडून वाचले. काही अभ्यासांत बिनसाखरेचं च्युइंगम चघळून रुग्णांना बरं वाटलं होतं, काहींत फारसा फरक नव्हता. काकू हिरमुसली. बाई म्हणाल्या, दोन्ही लिहा, आपल्याला सोयीचं तेवढंच उचलायचं नसतं.

डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी हरकत नाही म्हणून सांगितलं. घरातल्या पोरांना च्युइंगमवरून आयुष्यभर ओरडत आलेली थोरली आता स्वतःच खिडकीशी बसून, परीक्षेला बसल्यासारखा चेहरा करून ते चघळू लागली. पोरं हसून लोळली. चार दिवसांनी ती म्हणाली, थोडं बरं वाटतं, पुरतं नाही. मग तिनं विचारलं,

"त्या लेखांत माझ्यासारखी माणसं आहेत?"

"आहेत की. पुष्कळ आहेत."

"त्यांचंही तोंडच मागतं पाणी?"

"हो, ताई."

थोरलीनं डोळे पुसले. "मला वाटायचं, माझाच जीव हावरा आहे."

काकूनं थोरलीचा हात हातात घेतला.

काम लिहून देताना काकूनं शेवटी एक ओळ घातली, की अशा रुग्णाला आपल्या तहानेची लाज वाटत असू शकते, तेव्हा नर्सनं आपणहून विचारावं. बाईंनी समासात लिहिलं, हे कुठल्या लेखातलं? काकूनं त्याखाली लिहिलं, घरचं आहे. बाईंनी ती ओळ राहू दिली.