रामलिंगअप्पांनी घेतलेलं चाकावरचं घर

देवणीच्या आसपासच्या गावांत कुणाला बैल घ्यायचा असला की तो आधी रामलिंगअप्पांच्या ओसरीवर येऊन बसायचा. अप्पा पासष्टी ओलांडलेले, अंगानं वाळके, बोलायला तुटक. पण जनावरापुढे उभे राहिले की त्यांचा चेहराच बदले. दात सगळेच बघतात. अप्पा बैल बसलेला असताना बघायचे, मग तो उठतो कसा ते बघायचे, आणि पाणी पिताना त्याच्या कानांकडे बघायचे. हाळीच्या बैलबाजारात त्यांनी हो म्हटलेला बैल पुन्हा विकायला आलेला कुणी पाहिला नव्हता.

त्यांचा एक नेम होता. इसार घ्यायच्या आधी विकणाऱ्यानं जनावराची खोड स्वतःच्या तोंडानं सांगायची. मारका आहे, उन्हात बसतो, डाव्या बाजूला ओढतो, जे असेल ते. बाजारात सगळेच हा नेम मानत, पण अप्पा त्यासाठी भांडायचे. न सांगितलेली खोड आठ दिवसांत निघाली तर बैल परत, दावं परत, पैसे परत. आणि ज्यानं आपणहून खोडी सांगितल्या त्याच्या जनावराला पुन्हा हात लावून तपासायचं नाही, कारण तो त्या माणसाचा अपमान. स्वतःच्या काळ्या तोंडाच्या वानेऱ्या बैलाची खोड सांगताना अप्पांनी एकदा इतकं सांगितलं की गिऱ्हाईक घाबरून निघून गेलं. घरी येऊन ते बायकोपुढे हसत होते.

आता जनावरांच्या बाबतीत असा मोकळा माणूस घरात अगदी मुका होता. त्यांच्याइतकीच मुकी त्यांची बायको यशोदाबाई. दोघांना मिळून एक तोंड दिलं असतं तरी उरलं असतं.

यशोदाबाईंना अकरा वर्षांपासून लघवीचा ताबा राहत नव्हता. आली की आली, अर्धा तास दम धरणं होत नव्हतं. ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला सांगायला दोन वर्षं लावली, तीही चुलीकडे तोंड करून. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सांगितलं, पण साखर इतकी वाढलेली की आधी ती खाली आणा म्हणाल्या, आणि ती काही खाली आली नाही. मग यशोदाबाईंनी गाव सोडणं बंद केलं. लग्न नाही, बारसं नाही, उदगीरचा बाजारही नाही. लोक म्हणत, यशोदाबाईंना फार गुर्मी आलीय. त्या ऐकून घ्यायच्या. आपल्या अंगातून वास येतो असं लोकांनी म्हणण्यापेक्षा गुर्मी बरी, असं त्यांना वाटत असावं.

या सगळ्यात त्यांची आईची भेट राहून गेली. आई म्हणजे गुणाबाई. भावाला किनवटच्या आश्रमशाळेत नोकरी लागली तेव्हा ती त्याच्याबरोबर तिकडे गेली. देवणी ते उदगीर, उदगीर ते नांदेड, नांदेड ते किनवट, तीन गाड्या आणि अख्खा दिवस. गुणाबाई आधी दर दिवाळीला लेकीकडे यायची, मग तिनंही यायचं सोडलं. वय झालं, सगळ्यांनी म्हटलं. नऊ वर्षं माय-लेकी फोनवर एकमेकींना एकच विचारत होत्या, कधी येतेस. दोघीही म्हणायच्या, बघते.

यंदा माघात भावजय उमाबाईंचा फोन आला की सासूबाईंनी अन्न कमी केलंय. त्या दिवशी यशोदाबाई जेवल्या नाहीत. रात्री ताट उचलताना एवढंच म्हणाल्या, "आई लई थकली म्हनून राहिलेत."

अप्पांना त्या वाक्यानं झोप आली नाही. ॲम्ब्युलन्स करू म्हटलं तर यशोदाबाई म्हणाल्या, आईच्या दारात मी मेलेल्या माणसासारखी उतरू का. जीपला पडदे लावू म्हटलं तर नुसतं बघितलं. शेवटी गल्लीतल्या टेम्पो चालवणाऱ्या रविकांतनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. गाडीतच पलंग, गाडीतच चूल, आणि मागे एक अरुंद दार उघडून संडास-मोरी. परदेशातली गाडी होती. अप्पांनी तो व्हिडिओ चार वेळा बघितला आणि दर वेळी ते फक्त त्या मागच्या दाराशी थांबत होते. असल्या जुन्या गाड्या आपल्याकडेही निघतात, रविकांत म्हणाला. नव्या रस्त्यात गेलेल्या जमिनीचे पैसे बँकेत पडून होते. अप्पांनी ठरवून टाकलं.

आयुष्यात त्यांनी सायकलसुद्धा नवीच आणि एकदाच घेतलेली. तरी दीड महिना हे गृहस्थ चाकावरचं घर शोधत फिरले. देगलूरला एकाकडे सिनेमावाल्यांची मेकअपची गाडी होती. आत सगळीकडे आरसे, आणि इतकी लांब की देवणीच्या चौकात वळलीच नसती. मालक निम्मं तेलुगूत बोलत होता, भाव मात्र स्वच्छ मराठीत सांगितला. लातूरला एक शाळेची बस निघाली, तिच्यात दोन खाटा आणि टीव्ही बसवलेला. संडास कुठाय विचारलं तर मालक म्हणाला, सगळा रस्ता आपलाच हाय की. अप्पा त्याच्या अंगावर धावून जायचे राहिले. रविकांतनं त्यांना चहाला नेलं आणि विषय बदलला.

तिसरी गाडी नांदेडच्या वेशीबाहेर, जुन्या गाड्यांचं आवार चालवणाऱ्या व्यंकटकडे होती. सतरा सीटची गाडी होती ती, कुणा हौशी माणसानं आतून घर करून घेतलेली. निळा पडदा, घडीचा पलंग, मागे संडास, वर पाण्याची टाकी. अप्पा आत चढले, संडासाचं दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि बाहेर येऊन त्यांनी बाजारात विचारतात तसं विचारलं, "खोड काय हाय?"

व्यंकट मुरलेला माणूस होता. तो म्हणाला, "अप्पा, झाकून इकायची सवय न्हाई मला. तीन खोडी हायत. पावसात छत गळतंय. थंड हवेची मशीन बंद हाय. चढाला धूर सोडती." मग त्यानं कागदांची फाइल पुढे सरकवली आणि एकदा नजर घाला म्हणाला.

अप्पांनी फाइल परत सरकवली. तीन खोडी तोंडानं सांगणाऱ्या माणसाचे कागद तपासायचे म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकायचंच की, असं त्यांच्या मनानं घेतलं. रविकांत म्हणत होता, आरसी तरी बघू, मिस्त्रीला तरी दाखवू. अप्पांनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. पन्नास वर्षांच्या अकलेनं त्या दिवशी असा घात केला. अडाणी माणूस असता तर त्यानं कागद दहा जणांना दाखवले असते.

पैसे मोजून गाडी देवणीला आणली. यशोदाबाईंनी तिला हळदीकुंकू वाहिलं, आत चढल्या आणि मग कुणाचं लक्ष नाही असं बघून मागचं दार उघडून पाहिलं. उमाबाईंना फोन गेला, परवा येतो. गुणाबाईंच्या कानाशी फोन धरला तर म्हातारी म्हणाली, ये, मी हाय. निघायच्या सकाळी यशोदाबाईंनी ठेवणीतलं अंजिरी लुगडं काढलं. ते नेसायची नऊ वर्षांत हिंमत झाली नव्हती. उदगीर मागे पडलं, मुखेडकडचे माळ आले. त्या दोनदा मागे जाऊन आल्या आणि दुसऱ्यांदा परतताना चक्क हसल्या. अप्पा पुढे रविकांतशेजारी बसले होते. आरशात त्यांना ते हसू दिसलं आणि आपण जन्मात एक बरं काम केलं असं त्यांना वाटलं. ते समाधान त्यांना तासभरच मिळालं.

नांदेडच्या अलीकडे आरटीओची तपासणी चालू होती. निळा पडदा, वर पाण्याची टाकी, असली गाडी अडवणारच. साहेबानं फाइल बघितली, मग खाली वाकून गाडीवर ठोकलेला नंबर बघितला, मग पुन्हा फाइल. कागद एका गाडीचे होते आणि गाडी दुसरीच होती. कागदातली गाडी भंगारात जाऊन चार वर्षं झाली होती. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं, दारं लावून किल्ली खिशात टाकली आणि वरच्या साहेबांची गाडी येईपर्यंत थांबा म्हणाला.

चैत्राचं ऊन होतं. रस्त्याच्या कडेला एक बाभळ, तिच्याखाली यशोदाबाई उभ्या राहिल्या. चहूकडे नांगरून पडलेली सपाट रानं, आडोसा म्हणून वीतभर नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. सहा पुरुष गाडीभोवती उभे होते, त्यात दोघं-तिघं थांबलेले ट्रकवाले. यशोदाबाईंनी अप्पांकडे बघितलं.

ती नजर अप्पांना कळली. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतंच. साहेबाजवळ जायचं आणि म्हणायचं, किल्ली द्या, बाईमाणसाला मागे जायचंय. एवढंच वाक्य होतं. साहेबानं दिली असती, हे अप्पांना पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं, आणि ते खरंच होतं. ते चार पावलं गेलेही. पण मग ट्रकवाला वळून बघेल, साहेब विचारेल काय त्रास आहे, रविकांतला कळेल, गावात कळेल, असं सगळं त्यांच्या डोक्यात दाटलं. भर बाजारात जनावराचं दुखणं ओरडून सांगणाऱ्या त्या माणसाला बायकोचं दुखणं सहा जणांपुढे सांगता येईना. ते साहेबासमोर उभे राहिले आणि विचारलं, "अजून किती वेळ लागंल, सायेब?"

परत आले तेव्हा यशोदाबाई बाभळीच्या बुंध्याशी खाली बसल्या होत्या. अंजिरी लुगडं गुडघ्यांपासून खाली गडद झालं होतं. ट्रकवाले दुसरीकडे बघत होते. त्यांनी तोंड फिरवलंय हेच अप्पांना सगळ्यात जास्त लागलं.

गाडी जमा झाली. रविकांतनं ओळखीची जीप बोलावली आणि तिघं देवणीला परत आले. किनवटला फोन करून गाडी बिघडली असं सांगितलं.

गाडी घेतल्यापासून सहाव्या दिवशी अप्पा व्यंकटकडे गेले. आठ दिवसांच्या आत. त्यांच्या हिशेबी तो हक्क होता. व्यंकटनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाला, "अप्पा, फाइल मी पुढं केलती. तुमीच मागं सारली. ह्यो बैलबाजार न्हाई." फाइल अप्पांनी खरोखर सारली होती. रविकांत पोलिसांत जाऊ म्हणाला. अप्पा म्हणाले, बघू. त्यांच्यातलं काहीतरी तिथंच मोडलं. त्या आठवड्यात एक जण बैल बघायला बोलवायला आला, तर ओसरीवरूनच म्हणाले, "मला त्यातलं कळत न्हाई." माणसाला वाटलं, अप्पा चेष्टा करून राहिलेत.

नवव्या दिवशी पहाटे उमाबाईंचा फोन आला. गुणाबाई गेली.

अप्पा सुन्न बसले. यशोदाबाई रडल्या नाहीत. उठल्या, आंघोळ केली, जुन्या धोतराच्या घड्या करून पिशवीत भरल्या आणि पायात चप्पल घातली. अप्पांनी विचारलं, कसं जायचं. त्या म्हणाल्या, "एसटीनं. आता लाजायचं काय राहिलं?"

आणि त्या गेल्या, तीन गाड्या बदलून. लुगडं भिजलं तशा बसून राहिल्या. कुणी नाक मुरडलं, एक बाई उठून दुसऱ्या सीटवर गेली. नांदेडच्या स्टँडवर त्यांनी घडी बदलली, भोकरला पुन्हा बदलली. अप्पा शेजारी पिशवी धरून बसले होते. हे असं जाता येत होतं. नऊ वर्षांत कधीही जाता आलं असतं. हा विचार त्यांना खिडकीतून ढकलून द्यावासा वाटत होता, पण तो किनवटपर्यंत त्यांच्याबरोबर आला.

पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. माती होऊन गेली होती, दुपारपर्यंत वाट बघून. गुणाबाईंची खोली धुऊन काढलेली, खाट उभी करून ठेवलेली. यशोदाबाई त्या ओल्या फरशीवर बसल्या. अप्पा उंबऱ्याशी उभे राहिले. उमाबाईंनी पाणी आणलं आणि मग, काही बोलायला हवं म्हणून, कोपऱ्यातली पत्र्याची पेटी ओढली. सासूबाईंची ही एवढीच ठेव, बघून घ्या म्हणाल्या.

पेटीत एक शाल होती, देवणीचा एक जुना फोटो होता, आणि बाकी पेटी भरून जुन्या लुगड्यांच्या घड्या. धुऊन, वाळवून, हातानं शिवून एकाच मापाच्या केलेल्या. यशोदाबाईंनी एक घडी हातात घेतली. अशी शिवण त्यांनी स्वतः शेकडो वेळा घातली होती. त्यांनी उमाबाईंकडे बघितलं.

उमाबाई खाली मान घालून म्हणाल्या, "धा वर्सं झाली असतील. कुनाला सांगायचं न्हाई म्हनून माझ्याकडून आन घेतलती. दिवाळी आली की तुमच्याकडं यायची पिशवी भरायच्या, आनि परत सोडायच्या. लेकीच्या घरी असं कसं जाऊ, म्हनायच्या."

अप्पांनी चौकटीला हात टेकला. यशोदाबाईंनी पेटीतल्या वरच्या दोन घड्या उचलल्या. त्यांच्या पिशवीतल्या सगळ्या भिजून संपल्या होत्या. मग त्या उठून आईच्या मोरीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.