कुलवृत्तान्ताची जुनी प्रत

आनंदरावांना डोंबिवलीतले नातेवाईक कुळाचा चालताबोलता ग्रंथ म्हणत. निवृत्त झाल्यापासून ते कुलवृत्तान्ताच्याच मागे होते. कोण कुठल्या गावाहून निघालं, कुठली मुलगी कुठे दिली, कुणाची शाखा खुंटली, सारं स्वतः टाइप करून क्लाउडवर ठेवत. कोपरीला राहणारी त्यांची मुलगी नीरजा तिच्या घरून त्यात दुरुस्त्या करी.

छपाईच्या तोंडावर लॅपटॉप हटून बसला. आनंदरावांनी क्लाउडचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, तशा सगळ्या फायली क्लाउडवरच्या प्रतींशी नव्याने जुळू लागल्या. निळं चक्र दिवसभर स्वतःभोवती फिरत राहिलं. मग दर फायलीला तोच प्रश्न: दोन प्रतींत फरक आहे, कोणती ठेवायची? उत्तरं देऊन देऊन ते वैतागले.

"बाबा, काही दाबू नका," नीरजा फोनवर म्हणाली. "रविवारी येते मी."

कुळाचं काम मुलीच्या सवडीवर का थांबावं? त्यांनी 'या कम्प्युटरवरची' निवडलं आणि 'सगळ्यांना हेच लागू'वर खूण केली. आपल्या हातचं तेच खरं. लॅपटॉपचं क्लाउडशी जुळणं शिमग्यापासूनच बंद पडलेलं होतं, नीरजाच्या त्यानंतरच्या दुरुस्त्या त्यात नव्हत्याच, हे त्यांच्या ध्यानीही आलं नाही. हिरव्या खुणा उमटल्या. न वाचताच फाइल छापखान्यात गेली.

ठाण्याच्या हॉलमध्ये कुलसंमेलनात ग्रंथ वाटले गेले. त्यांच्या दिवंगत चुलतभावाच्या पत्नी मंदाकिनीवहिनी आपली मुलगी प्राची आणि जावई संदेश यांना घेऊन आल्या होत्या. जावई जातीबाहेरचा, कुळाचं बोलावणं त्याला पहिल्यांदाच आलेलं. प्राचीच्या नोंदीचं पान त्यानेच शोधून काढलं.

"अगं प्राची, तू अविवाहित आहेस! स्थळं बघायला घेऊ का?"

प्राची हसली नाही.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "गुढीपाडव्याला शब्द दिला होतात. जावयांचं नाव घातलं म्हणालात."

"घातलं होतं हो! नीरजाला विचारा. सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, त्यात जुनी प्रत वर आली. मशीनची चूक, वहिनी."

"आणि जुन्या प्रतीत 'अविवाहित' कोणी लिहिलं होतं?"

आनंदरावांची कानशिलं तापली. प्राचीच्या लग्नाची पत्रिका त्यांच्या घरी आली होती. ती टेबलावर पडलेली असतानाच त्यांनी तो शब्द टाइप केला होता, सावकाश, ऱ्हस्वदीर्घ तपासून.

संदेशने खिशातलं पेन पुढे केलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं. "काका, राहू दे ते मशीन. हातानेच लिहा ना."

आनंदरावांनी तो शब्द खोडला. 'पती: संदेश' एवढं लिहिलं आणि हात थांबला. कुळातल्या एकूण एक जावयाचं त्यांना वडिलांचं नाव, आडनाव, मूळ गाव पाठ होतं. याचं नीरजाने भरलं होतं. त्यांनी ते एकदाही वाचलं नव्हतं.

भोवतीची माणसं वाकून पाहत होती.

"आडनाव..." ते पुटपुटले. मान काही वर करवेना.