हवा गुमान जाती

छातीपर्यंत दाढी, आणि खिशात दाढीचा ब्रश! कोल्हापूरच्या उद्यमनगरात नवा आलेला माणूस हे बघून हमखास हसायचा. मीही हसलो होतो. उस्ताद वाटीत साबण घोळायचे, ब्रशानं नळीच्या सांध्याला फेस फासायचे आणि उकिडवे बसून बघत राहायचे. मोहरीएवढा जरी बुडबुडा आला तरी नट पुन्हा खोलायचा.

"पाणी बोंबलत जातंय, पावणं. हवा गुमान जाती."

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. गाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो. नवा डिप्लोमा, इस्त्रीचा शर्ट आणि अंगात नको तेवढी अक्कल. उस्ताद आमच्याकडे ट्रकच्या हवेच्या ब्रेकच्या नळ्या जोडायचे. मला ते कायम पावणंच म्हणत. एकदा मी वैतागलो. "उस्ताद, रोज इथंच असतो की मी. पावणा कसला?"

"लोखंडाची वळख झाली न्हाय, तवर पावणाच की!"

तर एका ट्रस्टची गाडी आमच्याकडे आली. गावोगाव जाऊन क्षयाच्या तपासणीसाठी छातीचे फोटो काढायची ती गाडी. पण शिरोळकडच्या रस्त्यांची ऊसवाहतुकीनं चाळण केलेली, आणि एक्स-रेच्या यंत्रातली काच दोनदा फुटलेली. तिसरी कशीबशी मिळाली होती. ही फुटली तर गाडीच विकून टाकायची, असं ट्रस्टचं ठरलं होतं. गाडीवरच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "खोकणारी बाई शेतातली भांगलण टाकून कोल्हापूरला यायची नाही हो. आम्हीच गेलं पाहिजे."

म्हणून गाडीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगा, काढून त्या जागी हवेचे रबरी फुगे बसवायचे ठरले. फुगे एका परदेशी बसच्या भंगारात मिळाले. घोडं अडलं ते त्यांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांवर.

ट्रस्टचे अध्यक्ष बडे बागायतदार. नदीचं पाणी कोसभर लांबच्या माळावर चढवलेला माणूस. ते स्वतःच पाण्याच्या जस्ती पाइपांचा भारा घेऊन आले. "हे घाला. आमच्या मळ्यात थेंब गळत न्हाय, मग हवा काय गळतीया?"

उस्ताद नम्रपणे म्हणाले, "आण्णा, ह्याला आटे पाडायचं, ताग गुंडाळायचा, वर सफेदा फासायचा. जागच्या जागी पडून ऱ्हाणाऱ्या पाइपला ते बरं हाय. गाडी नाचती. तागाची एक दशी आत गेली तर हवेची वाट बंद." त्यांनी निवडली होती बिनसांध्याची बारीक पोलादी नळी. तिचं तोंड कर्ण्यासारखं फुलवायचं आणि पितळी नटानं आवळायचं. ताग नाही, सफेदा नाही, धातूवर धातू.

पण अध्यक्षांना नाही कोण म्हणणार? फुकटचा माल, शिवाय माझा डिप्लोमा! मी मान डोलावली. उस्तादांनी साबणाची वाटी उचलली. "मग माझं काय काम? नळवाल्याला बोलवा," म्हणाले आणि गेले.

नळवाल्यानं जस्ती पाइप बसवले. चाचणीच्या दिवशी मात्र उस्ताद न बोलावता हजर. यंत्रातली काच त्यांनी आधी बाहेर काढून ठेवायला लावली आणि तिच्या जागी गवतात गुंडाळून कंदिलाच्या अर्धा डझन काचा ठेवल्या. अध्यक्ष हौसेनं मागं बसले. पेठ वडगावपर्यंत गाडी झोकात गेली. परतताना मागचा डावा फुगा गुमान बसला, आणि पुढच्याच खड्ड्यात कंदिलाच्या सगळ्या काचांचा चुरा! अध्यक्षांच्या टाळूवर लिंबाएवढं टेंगूळ.

उस्तादांनी व्हॉल्व्ह खोलला. आतून तागाची दशी काढून ती अध्यक्षांपुढं धरली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तरी चाललं असतं, इतकी मला लाज वाटली.

अध्यक्ष टाळू चोळत म्हणाले, "आमची अक्कल पाण्याची, उस्ताद. आता तुमच्या मनानं करा." माणूस मोठा होता, हे कबूल केलं पाहिजे.

मग उस्तादांनी आठवडाभर मला राबवून घेतलं. प्रत्येक नळी उजेडाकडं धरून आरपार बघायची. गंजाचा ठिपका दिसला की बाजूला. तोंडं मी फुलवायची, फेस ते लावणार. बुडबुडा आला की "काप." पुन्हा फुलवायची, पुन्हा "काप." माझा हात सुजला. शेवटी एका सांध्यावर फेस नुसताच बसून राहिला. उस्ताद बराच वेळ बघत होते. मग माझ्या पाठीत गुद्दा घालून म्हणाले, "जमलं की रं लेका!" अहो, डिप्लोमा हातात पडला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता.

शिरोळकडच्या पहिल्या फेरीला मीही गेलो. उस्ताद वाटभर यंत्राशेजारी बसून होते. काच शाबूत पोचली. गावात मात्र चाळिशीची एक बाई गाडीत चढायलाच तयार होईना. खोकून खोकून वाकली होती, तरी "त्या पेटीत म्या न्हाय जायाची" हेच धरून बसलेली. उस्ताद खाली उतरले.

"आक्का, सकाळधरनं मी आतच बसलोय. काय झालंय का मला? या."

ती गेली. फोटोत डाग निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुरुवातच आहे. औषध नेमानं घेतलं तर नक्की बरी होईल."

परतीच्या वाटेवर हातकणंगले मागं पडल्यावर उस्ताद म्हणाले, "काच फुटली असती तर ती बाई घरातच ऱ्हायली असती, लेका." आणि त्यांनी दाढीनंच डोळे पुसले.

पुढं कैक वर्षांनी उस्ताद वारले. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. गल्ली अशी चढाची, की दारात पोचेपर्यंत मला दोनदा थांबावं लागलं. पायरीवर बसून दम खात होतो, तेवढ्यात एक पांढऱ्या केसांची बाई समोर येऊन उभी राहिली. मागून तिचा मुलगा घाम पुसत येत होता.

"फोटूच्या गाडीच्या डायवरनं सांगितलं. आमचं डागदर गेलं म्हणं?" बाईनं विचारलं. "मला त्यांनीच गाडीत बसवलंतं."

ते डॉक्टर नव्हते, हे मी तिला सांगितलं नाही. तिच्या मुलाला म्हटलं, "एवढ्या चढाला रिक्षा तरी करायची."

"ऐकती व्हय! स्टँडवरनं चालत आलीया."

"मग? पाय हायत की मला," ती म्हणाली आणि उस्तादांच्या घरच्या बायकांना भेटायला तरातरा पायऱ्या चढून आत गेली. मी अजून धापाच टाकत होतो.