निघताना जरा बसा

ब्लँचर्डस्टाउन या आमच्या आयरिश उपनगराच्या लायब्ररीतल्या वाचनगटात आम्ही एक रशियन कथा वाचली. कथेतली बाई लांबच्या प्रवासाला निघते, घोडागाडी दाराशी उभी असते आणि ऐनवेळी सगळं घर गुपचूप खाली बसतं. झालं, मला विषयच मिळाला. ही शांतता म्हणजे मृत्यूची चाहूल, असं मी चांगलं दहा मिनिटं ठणकावून सांगितलं. गटातल्या रशियन बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे प्रवासाला निघताना सगळेच क्षणभर बसतात. मी इथून बसने तासाभरावरच्या ड्रोहेडाला जातानासुद्धा बसते."

मला रागच आला. एवढी सुंदर मांडणी, आणि बाईंनी ती बसस्टॉपवर आणून ठेवली!

पुढच्याच आठवड्यात आई पुण्याला परत निघाली. टॅक्सी आली, बॅगा दारात गेल्या आणि मी शिंकले. निघताना शिंक म्हणजे अपशकुन. आई चटकन सोफ्यावर टेकली. "बस आधी. पाणी पी, मग निघू." वाद घालण्यापेक्षा बसणं लवकर उरकेल म्हणून मी मुकाट्याने बसले. दोघी गप्प, हातात पाण्याचे पेले.

बॅगा घ्यायला आलेले आयरिश टॅक्सीवाले आजोबा उंबऱ्यातच थबकले. त्यांनी टोपी काढली, पुढे येऊन आईचा हात हातात घेतला आणि इथे मयताच्या घरी बोलतात तशा हळू आवाजात तिचं सांत्वन केलं.

"काय म्हणतायत गं हे?" आईने विचारलं.

"मी गेल्या आठवड्यात म्हणाले तेच," मी म्हणाले. "फक्त यांना दहा मिनिटं लागली नाहीत."