न आलेल्यांची हजेरी

शैलजाताई खेर्डेकरांचा जिनिव्हामधला व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. निळ्या साडीतली, पांढऱ्या केसांची एक बाई माइकसमोर चार नावं वाचते आणि प्रत्येक नावानंतर गप्प उभी राहते, तोच. त्याखाली तुम्ही हात जोडल्याचं चित्र टाकलं असेल, तर माझं तुमच्याशी भांडण आहे. ते मौन वगैरे काही नव्हतं. ती चूक होती, आणि त्या चुकीत माझा वाटा निम्म्याहून जास्त आहे.

मी देवदत्त, सांगलीकडचा. विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायला चंदीगडला आलो आणि इथेच निवृत्त झालो. शैलजाताई मूर्तिजापूरच्या. इथल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात त्या बत्तीस वर्षं सिस्टर होत्या. नवरा लवकर गेला. मुलगी इरा इथेच वाढली. तिला आईचं मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. शैलजाताईंचं वऱ्हाडी मात्र एवढ्या वर्षांत तसूभर हललेलं नाही. हिंदी बोलतात तीही मूर्तिजापूरचीच. वस्तीतल्या बायकांना ती कशी समजते हे मला कोडंच आहे, पण समजते.

निवृत्त झाल्यावर बाई स्वस्थ बसल्या असत्या तर त्यांच्या गुडघ्यांचं भलं झालं असतं. त्यांनी ‘पडोस’ नावाची संस्था काढली. सेक्टर ३४ मध्ये एका कोचिंग क्लासच्या वर एक खोली घेतली आणि शहराच्या कडेच्या एका वस्तीत काम सुरू केलं. तिथल्या बायका सकाळी सहाला सेक्टरांमध्ये स्वयंपाक, धुणीभांडी करायला जातात आणि तीन-साडेतीनला परततात. दुसऱ्यांच्या घरात मीठ कमी घालायचं हे त्यांना पाठ असतं. स्वतःचं ब्लडप्रेशर किती हे माहीत नसतं. शैलजाताईंनी ते मोजायला घेतलं आणि मला कागदपत्रं बघायला जुंपलं.

त्यांची एक पद्धत होती. दर रविवारी चार वाजता वस्तीतल्या धर्मशाळेत बैठक. सगळीकडे आलेल्यांची हजेरी घेतात. या न आलेल्यांची घेत. वही उघडून, जी दिसत नाही तिचं नाव वाचायचं आणि थांबायचं. तिची शेजारीण उठून सांगणार, ती कुठे आहे, गोळी घेतली का, चक्कर येते का. उत्तर आल्याशिवाय पुढचं नाव नाही. मग पाच मिनिटं जाऊ देत नाहीतर दहा. पहिल्या वर्षी मला याचा फार वैताग यायचा. एकदा बिमला या नावाला कोणीच बोलेना. बाई वही धरून नुसत्या उभ्या. शेवटी ओशाळून दोघीजणी उठल्या, बघायला गेल्या, तर बिमला खोलीत एकटी बेशुद्ध पडलेली. ती वाचली. त्यानंतर मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं.

पण हजेरीने गोळ्या मिळत नाहीत. गोळ्या मिळतात सरकारी दवाखान्यात, महिन्याच्या महिन्याला, ज्याची त्याने स्वतः जाऊन घ्यायच्या. आणि दवाखाना दोनला बंद. दोनला या बायका कुणाच्या तरी पोळ्या लाटत असतात. दवाखान्यासाठी रजा मागितली की एखादं घर हातचं जातं. राजवंती नावाची एक आहे, सहा घरं करते. गोळ्या पुरवायच्या म्हणून ती एक गोळी सुरीने अर्धी करते आणि दोन दिवस खाते. तिचं वरचं प्रेशर एकशे नव्वदच्या खाली येत नाही. शैलजाताईंची मागणी एका वाक्याची होती: आठवड्यातून दोन दिवस दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवा. सहा वर्षांत मी स्वतः चौदा अर्ज लिहिले. उत्तर दोनदा आलं, दोन्ही वेळा ‘योग्य विभागाकडे पाठवले’ एवढंच. तो योग्य विभाग कुठल्या सेक्टरात आहे हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि अशात जिनिव्हाचं बोलावणं आलं. जगभरच्या सरकारांची आरोग्य धोरणावरची परिषद, तिथे लहान संस्थांनाही बोलायला मिळणार. बारा देशांतल्या संस्थांच्या एका गटाने ‘पडोस’ला निवडलं, तिकीट काढून दिलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, इथे कोणी ऐकत नाही ना, मग तिथून बोलू. आपल्याच सरकारची माणसं त्या सभागृहात बसलेली असणार, त्यांना ऐकावंच लागेल.

आधी सांगितलं तीन मिनिटं. मग दोन. व्हिसा हातात पडला त्या दिवशी निरोप आला, एक मिनिट. गटाच्या दिल्लीतल्या समन्वयक आसावरीबाई रोज मसुदा पाठवायच्या. आम्ही लिहायचो ‘दवाखाना दोनला बंद होतो’. परत यायचं ‘सेवांच्या सर्वसमावेशक आणि शाश्वत उपलब्धतेला प्राधान्य द्यावे’. मी पुन्हा दवाखाना घालायचो, त्या पुन्हा काढायच्या. जागतिक व्यासपीठावर एका दवाखान्याची वेळ बरी दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं पुष्कळ पाहिली, पण यांना शेळी दाखवली तरी मान्य नव्हतं. अखेर शैलजाताईंनी फोनवर सांगून टाकलं की मिनिट माझं आहे, मी चार नावं वाचीन आणि एक वाक्य बोलीन. नको असेल तर दुसरं कोणी पाठवा. ज्या चौघींची नावं, त्यांना विचारलेलं होतं. राजवंतीने तर माझं नाव पहिलं घ्या म्हणून बजावलं होतं.

आता माझं शहाणपण ऐका. शैलजाताई म्हणाल्या, “भाऊ, ते वाक्य मी पयले बोलते. मंग नावं.”

मी म्हटलं, छे, आधी नावं. वाक्य शेवटी ठेवा, शेवटचं लोकांच्या लक्षात राहतं. चाळीस वर्षं वर्गात बोललेला माणूस मी, मला ठाऊक नसणार तर कुणाला? त्यांना फारसं पटलं नव्हतं, पण त्यांनी ऐकलं. इराने फोनवर वेळ लावली. घरच्या सोफ्यासमोर उभं राहून सगळं एक्केचाळीस सेकंदांत झालं. मी म्हटलं, बघा, एकोणीस सेकंद हातात.

भाषणाच्या दिवशी मी आणि इरा लॅपटॉप घेऊन धर्मशाळेत बसलो. इथे संध्याकाळ झाली होती, तिथे दुपार. तीसेक बायका कामं उरकून आल्या होत्या. अध्यक्षांनी ‘पडोस’चं नाव घेतलं, शैलजाताई माइकपाशी आल्या आणि पडद्याच्या कोपऱ्यात साठ सेकंद उलटे मोजायला लागले. त्यांनी समोर पाहिलं. शेकडो माणसं बसलेली. त्यांनी कागद उघडला आणि पहिलं नाव वाचलं: राजवंती.

आणि थांबल्या.

मला वाटलं, पाणी हवं असेल. पण त्यांनी मान किंचित वर केली, उजवीकडून डावीकडे नजर फिरवली. ती नजर मी दर रविवारी बघत होतो. माणसांनी भरलेली खोली समोर होती, न आलेलीचं नाव वाचून झालं होतं, आणि बाई शेजारणीची वाट बघत होत्या. सोफ्यासमोर माणसं नव्हती म्हणून हे घडलं नव्हतं, आणि आमच्या कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

इथे धर्मशाळेत कमलेश उठून उभी राहिली. राजवंतीच्या शेजारची. लॅपटॉपकडे बघून तिने सांगितलं, “आज शाम को भी काम पे है सिस्टरजी. आधी गोली खाई है.” कुणी हसलं नाही. दुसरं नाव आलं, तिसरं आलं, आणि प्रत्येक वेळी इथली एकेक बाई उठून उत्तर देत राहिली. तिथे अर्थातच ते काही ऐकू जात नव्हतं. चौथं नाव झालं तेव्हा सात सेकंद उरले होते. मी लॅपटॉपवर ओरडलो, बोला, वाक्य बोला. इराने माझा हात धरला. शैलजाताईंनी तोंड उघडलं आणि माइक बंद झाला. त्यांचे ओठ हलताना दिसले. मग अध्यक्षांनी आभार मानले आणि सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं.

त्या टाळ्यांचा मला जेवढा संताप आला तेवढा चौदा अर्जांचाही आला नव्हता. अर्जाकडे निदान कोणी बघितलंच नव्हतं. इथे बघितलं, डोळे पुसले आणि पुढच्या वक्त्याकडे वळले. आसावरीबाईंचा रात्रीपर्यंत निरोप, की यंदाच्या परिषदेतला सर्वांत प्रभावी क्षण. जे वाक्य त्या महिनाभर काढत होत्या ते आपोआप निघालं होतं, मग प्रभाव पडणारच.

विमानतळावर शैलजाताई भेटल्या तेव्हा थकलेल्या होत्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, “मले समजलंच नाई भाऊ. कोनी तरी उठंन म्हनून मी थांबली.” त्यांनी वाक्य शेवटी ठेवण्याबद्दल एक शब्द काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या महिन्यात सत्कारांची रांग लागली. शाली घरात मावेनात. आणि आरोग्य खात्यातल्या ज्या अधिकाऱ्याने सहा वर्षांत भेट दिली नव्हती, त्याच्या ऑफिसातून आपणहून फोन आला. सेक्टर १७ मध्ये आम्ही दोघं त्याच्यासमोर बसलो. चहा आला, बिस्किटं आली, एक शालही आली. साहेब तरुण होता, आणि वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. त्याने व्हिडिओ तीनदा पाहिला होता. त्याच्या आईलाही दाखवला होता. आमच्या एका कार्यशाळेत तसंच पुन्हा करून दाखवाल का, असं त्याने विचारलं.

शैलजाताईंनी शालीसाठी हात पुढे केला नाही. त्यांनी सरळ सांगितलं, अर्जांच्या तारखा सांगितल्या, राजवंतीचं प्रेशर सांगितलं, आणि मग ते वाक्य म्हटलं: “साहब, हफ्ते में दो दिन शाम को दवाखाना खुला रखो. बस इतनाच है.”

तो खुर्चीत पुढे सरकला. त्याला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. “मॅडम, ये आपने वहाँ क्यों नहीं बोला? वहाँ के रिकॉर्ड में आ जाता तो मैं कल ही फाइल चला देता. ऊपर से पूछते तो दिखाने को कुछ होता.” आता पद्धतीप्रमाणे जावं लागेल, म्हणाला. ज्यांना गरज आहे त्या बायकांनी स्वतः येऊन सह्या करायच्या, कामाच्या दिवशी, अकरा ते एक.

मी बोलणार होतो. वाक्य शेवटी ठेवा असं मीच सांगितलं होतं, बाई पहिलं बोलणार होत्या, हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. शैलजाताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“मेरी गलती हो गई साहब,” त्या म्हणाल्या.

आणि मी, चाळीस वर्षं वर्गात बोललेला माणूस, समोरचा चहा पीत बसलो.